सशाला शिंग नसते; पण मुतखडा असतो!

आपल्या जुन्या नैयायिकांना अशक्य गोष्टीचा दाखला द्यावयाचा झाला, की ते बिचाऱ्या सशाला वेठीस धरीत. आकाशाचे फूल, वांझेचा पुत्र आणि सशाचे शिंग! जे नाही, असणार नाही आणि असू शकत नाही, ते म्हणजे शशशृंग. महाविद्यालयात हा शब्द शिकवावयाची वेळ आली, की वर्गात थोडी खसखस पिकतेच. परंतु शिंगाचा हा अभाव सिद्ध करण्याच्या नादात आमच्या पंडितांचे एका गोष्टीकडे साफ दुर्लक्ष झाले. सशाच्या डोक्यावर काही नसेल. पण पोटात असते. सशाला मुतखडा होतो. तुम्हां-आम्हांला होतो तसाच, आणि तितकाच दुखणारा.

दिवाळीचा अंक हातात, शेजारी चकलीचे ताट, आणि लेखाचा विषय सशाची लघवी! वाचक भगिनी नाक मुरडतील हे मी गृहीत धरून चाललो आहे. परंतु ज्या घरात ससा आहे त्या घरातील गृहिणीला विचारा. सशाचा पिंजरा धुण्याचे काम शेवटी कोणाच्या वाट्याला येते? मुलांनी हट्ट करायचा, वडिलांनी बाजारातून आणून द्यायचा, आणि वर्तमानपत्राचे कागद बदलायचे आईने, असा हा सनातन क्रम आहे. तेव्हा विषय किळसवाणा असला तरी घरगुती आहे. आणि त्यात एका मुक्या जिवाच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न अडकलेला आहे.

घरचा ससा आणि रानातला ससा

प्रथम एक घोटाळा दूर करू. मराठीत आपण दोन निरनिराळ्या प्राण्यांना एकच नाव देऊन बसलो आहोत. आमच्या किनवटच्या रानात, पैनगंगेच्या काठच्या शेतांत संध्याकाळी लांब कान उभारून टणाटण उड्या मारीत जातो तो रानससा. त्याचे पिल्लू जन्मतःच केसाळ असते, डोळे उघडे असतात, आणि ते उघड्यावर, गवतातल्या एखाद्या खळग्यात वाढते. पिंजऱ्यात असतो तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा, त्याची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात. दोघांचे कूळ एक असले तरी वंश वेगळे.

हा भेद सांगण्याचे कारण असे की, आमच्याकडे कापणीच्या दिवसांत शेतात रानसशाचे पिल्लू सापडले की 'आईने टाकले' म्हणून कोणीतरी ते उचलून घरी आणतो. आईने टाकलेले नसते. रानससा पिल्लाला दडवून दिवसभर दूर राहतो, आणि अंधार पडता पडता येऊन पाजून जातो. ते पिल्लू जिथल्या तिथे ठेवावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा संरक्षित आहे. त्याला घरात पाळणे हा गुन्हा होतो. या लेखात यापुढे ससा म्हटले की पिंजऱ्यातला, पाळीव ससा समजावा.

या पाळीव सशालाही शास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षे उंदरा-घुशींच्या पंक्तीला बसविले होते. सन 1912 मध्ये त्याची ती पंगत बदलली आणि सशांचा स्वतंत्र गण मानला जाऊ लागला. बरे झाले! कारण त्याच्या शरीराचे काही व्यवहार खरोखरच जगावेगळे आहेत. त्यांतला एक आपल्या विषयाचा गाभा आहे.

पोटातली चुन्याची निवळी

तुम्ही-आम्ही दूध प्यालो, नाचणीची भाकरी खाल्ली, तर त्यातला सगळा कॅल्शियम काही शरीरात शिरत नाही. शरीराला गरज असेल तेवढाच आतडी उचलतात. बाकीचा शौचावाटे निघून जातो. दारावर जणू एक कडक पहारेकरी उभा आहे. सशाच्या आतड्याच्या दारावर असा पहारेकरी जवळजवळ नाहीच. खाण्यातून जितका कॅल्शियम येईल तितका बराचसा रक्तात जातो. मग रक्तातला हा जास्तीचा माल बाहेर काढणार कोण? तर मूत्रपिंडे. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांची मूत्रपिंडे आपल्याकडे आलेल्या कॅल्शियमपैकी शेकडा दोन टक्क्यांहूनही कमी लघवीत सोडतात. सशाची मूत्रपिंडे शेकडा पंचेचाळीस ते साठ टक्के सोडतात!

याचा परिणाम काय? सशाची लघवी आम्लधर्मी नसून चांगलीच क्षारधर्मी असते, आणि तीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तरंगत असतात. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे कोण? आपल्या ओळखीचेच आहे. शाळेच्या फळ्यावर मास्तर लिहीत असत तो मूळचा खडू तेच. आणि दिवाळीपूर्वी भिंतीला दिलेला चुना हवेत वाळून घट्ट बसतो तोही तेच होऊन. पिंजऱ्याच्या तळाला वाळलेला पांढरा थर जमतो, घासून निघत नाही, पण व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकताच फसफसून सुटतो, तो याच कारणाने. अर्थात, निरोगी सशाची लघवी गढूळ असते. ती माणसासारखी स्वच्छ नाही म्हणून घाबरू नये. उलट वाढीच्या वयातली पिल्ले, गाभण किंवा पाजती मादी सोडली, तर मोठ्या सशाची लघवी एकाएकी पाण्यासारखी निवळ झाली तर चौकशी करावी. कदाचित त्याने खाणे सोडले असेल, कदाचित मूत्रपिंडे थकली असतील.

आता चुन्याच्या निवळीचा अनुभव आठवा. भांडे हलवीत राहिलो तर चुना पाण्यात मिसळून राहतो. भांडे कोपऱ्यात ठेवून दिले की वर पाणी आणि तळाशी गाळ. सशाच्या मूत्राशयात नेमके हेच घडते. ससा उड्या मारतो, धावतो, भरपूर पाणी पितो, वेळच्या वेळी मूत्राशय रिकामे करतो, तोवर सगळे कण वाहून जातात. पण तो दीड-दोन फुटांच्या पिंजऱ्यात दिवसभर बसून राहिला, लठ्ठ झाला, पाणी कमी प्याला, सांधे दुखतात म्हणून हलेनासा झाला, की गाळ खाली बसतो. वरची पातळ लघवी निघून जाते, खालचा गाळ राहतो. होता होता तो दंतमंजनाच्या मलमासारखा घट्ट होतो. हा झाला पहिला रोग: मूत्राशयातील गाळ. तोच गाळ थरावर थर बसून कठीण झाला की दुसरा रोग: मुतखडा. तो मूत्राशयात असू शकतो, मूत्रनळीत अडकू शकतो, मूत्रपिंडातही बसू शकतो.

लाल रंगाचे भय

एखाद्या सकाळी पिंजऱ्यातल्या कागदावर लालभडक डाग दिसतो आणि घरात हाहाकार उडतो. रक्त! परंतु थांबा. सशाच्या लघवीचा रंग फिकट पिवळ्यापासून नारिंगी, तांबूस, विटकरी, तपकिरी असा काहीही असू शकतो. खाल्लेल्या पाल्यातील रंगद्रव्ये, थंडीतले बदल, मनावरचा ताण, काही औषधे, यांमुळे हे रंग पालटतात. बीट किंवा गाजर दिल्यावर असे विशेष दिसते, आणि दोन-चार दिवसांत आपोआप जाते.

मग खरे रक्त ओळखावे कसे? साधी खूण अशी की, रंगद्रव्याची लघवी सगळीकडे सारखी रंगलेली असते. रक्त असेल तर नेहमीच्या रंगाच्या लघवीत लाल ठिपके, रेघा किंवा गाठी दिसतात. पण ही झाली घरगुती खूण. पशुवैद्याकडे कागदाची एक तपासपट्टी असते. ती लघवीत बुडवली की रक्त आहे की नाही याचा उलगडा मिनिटभरात होतो. शंका असेल तर ताजी लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन जावे.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. लघवीबरोबर दिसणारे रक्त पुष्कळदा मूत्राशयाचे नसतेच. ते गर्भाशयाचे असते. शस्त्रक्रिया न केलेल्या सशिणींत, चार वर्षांच्या पुढे, गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे आहे. काही जातींत निम्म्याहून अधिक माद्यांना तो होतो. म्हणून मादीची गर्भपिशवी वेळीच काढून घ्यावी असे जाणते पशुवैद्य सांगतात. नराची नसबंदी केली तर एक वेगळाच लाभ होतो. वयात आलेला नर भिंतीवर, गादीवर, प्रसंगी यजमानाच्या धोतरावरही लघवीचा फवारा उडवतो. हा रोग नव्हे. आपली हद्द आखण्याची त्याची रीत आहे. नसबंदीनंतर ही सवय बहुधा ओसरते.

कापश्याची गोष्ट

आमच्या आळीतल्या एका घरी कापश्या नावाचा ससा आहे. घरात आजोबा, मुलगा, सून आणि सातवीतली नात. कापश्या सगळ्यांचा लाडका. दूधवाल्याकडून रोज लसूणघासाची हिरवीगार जुडी यायची, वर पेलाभर दाणे, आणि पिंजऱ्याला टांगलेली पाण्याची बाटली. कोणी म्हणेल, सशाने आणखी काय मागावे? सशाने काही मागितले नाहीच. मागता येत नाही, हेच तर त्याचे दुर्दैव.

एका वैशाखात कापश्या कागद सोडून भलतीकडेच थेंब थेंब करू लागला. नातीला बोलणी बसली, 'तूच त्याला लाडावून ठेवलास.' मग त्याच्या मागच्या पायांची लव ओली राहू लागली, पिवळी पडली, खालची कातडी लाल झाली. तो पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसे आणि दात करकर वाजवी. घरच्यांना वाटले, काही चघळतो आहे. चौथ्या दिवशी त्याने जुडीला तोंड लावले नाही, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.

गावातल्या पशुवैद्यांनी पोट चाचपून पाहिले आणि क्ष-किरण चित्र काढावयास सांगितले. आमचा गाव नांदेडपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. उन्हाळा. टोपलीत ओला पंचा, त्यात ससा. त्या चित्रात मूत्राशयाच्या जागी पांढराफेक, सुपारीएवढा एक गोळा दिसला. चुन्याचा खडा क्ष-किरणाला लपत नाही, एवढेच काय ते त्या रोगात सोयीचे! शस्त्रक्रिया करावी लागणार होती.

आणि इथे घरात खरा प्रश्न उभा राहिला. ससा आणला होता काही शे रुपयांना. जाण्या-येण्याचा, चित्राचा, शस्त्रक्रियेचा आणि औषधाचा खर्च काही हजारांच्या घरात जाणार. मुलगा गप्प. सून म्हणाली, 'मामंजी, तुम्हीच सांगा. पोरीची फी भरायचीय पुढच्या महिन्यात.' तिचे काय चुकले? संसार चालवणाऱ्याला हा हिशेब करावाच लागतो. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'सूनबाई, मला मुतखडा झाला होता तेव्हा रात्रभर मी जमिनीवर गडबडा लोळलो. साऱ्या आळीला ऐकू गेलं. हा चार दिवस सोसतोय आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही. माझ्या पेन्शनीतून करा.'

खडा निघाला. कापश्या आजही आहे. आजोबांनी तो खडा काडेपेटीत घालून ठेवला आहे आणि आल्यागेल्याला दाखवतात. सगळ्या घरांतून असा शेवट होईलच असे नाही, आणि ज्या घराला तो खर्च झेपला नाही त्या घराला दोष देण्याचा अधिकार मला नाही. म्हणून तर सांगावयाचे ते असे की, हा खर्च आणि हे दुखणे मुळातच टाळण्याचा मार्ग हाताशी असतो, आणि तो फुकट म्हणण्याइतका स्वस्त आहे.

मुक्याची भाषा

ससा हा दुसऱ्याचे भक्ष्य होणारा प्राणी. रानात जो दुखणे दाखवतो त्याच्यावर कोल्ह्याची दृष्टी आधी पडते. म्हणून हजारो पिढ्यांनी त्याला दुखणे लपवायला शिकविले आहे. तो ओरडत नाही, विव्हळत नाही. तेव्हा त्याची भाषा आपणच शिकली पाहिजे. तिची बाराखडी अशी: वारंवार बसणे पण थोडे थोडे होणे, करताना शेपटी वर करून कुंथणे, नेहमीची जागा सोडून भलतीकडे करणे, मागचा भाग ओला, चिकट, दुर्गंधीयुक्त राहणे, लघवीत घट्ट, खडूसारखा लगदा दिसणे, पाठ वाकवून निश्चल बसणे, दात करकरणे, खाणे कमी होणे.

यांतल्या दोन गोष्टींना 'उद्या पाहू' म्हणू नये. लघवीसाठी कुंथतो आहे पण थेंबही येत नाही, ही पहिली. मूत्रनळी बंद झाली असेल तर काही तासांत जीव धोक्यात येतो. दुसरी, बारा तास काहीच खाल्ले नाही. सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते; ते थांबले की मूळ रोग राहतो बाजूला आणि ससा आतडे बंद पडूनच दगावतो.

ओल्या मागच्या भागाबद्दल एक भयंकर गोष्ट सांगणे भाग आहे. लघवीने कातडी भाजल्यासारखी होते, आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत त्या घाणीवर माशा अंडी घालतात. एका दिवसात अळ्या पडतात आणि जिवंत मांस खाऊ लागतात. ससा लठ्ठ असेल, सांधे धरलेले असतील, तर त्याला स्वतःचा मागचा भाग चाटून स्वच्छ करता येत नाही. म्हणून पावसाळ्यात दिवसातून दोनदा सशाला उचलून त्याची पाठची बाजू पाहावी. कोमट पाण्याने फक्त तेवढाच भाग धुवावा आणि पूर्ण कोरडा करावा. सगळ्या सशाला आंघोळ कधी घालू नये; तो भीतीनेच अर्धमेला होतो.

लघवी गळण्यामागे कधी एक सूक्ष्म परजीवीही असतो. तो मूत्रपिंडांत आणि मेंदूत घर करतो. मान वाकडी होणे, मागचे पाय लुळे पडणे ही त्याची लक्षणे. तो सशाच्या लघवीतून पसरतो. निरोगी माणसाला त्याची फारशी भीती नसते. पण घरात कर्करोगावर उपचार चालू असलेले किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती घटलेले कोणी असेल, तर पिंजरा धुण्याचे काम त्यांना देऊ नये. आणि हात तर सर्वांनीच साबणाने धुवावेत.

औषधांच्या डब्यापासून सावध

आपल्याकडे प्रत्येक घरात अर्धा वैद्य राहतो. माणसाच्या मुतखड्यावर कोणी हुलग्याचा काढा सांगतो, कोणी पानफुटीची दोन पाने सकाळी चावायला देतो. सशाला हे प्रयोग करू नयेत. पानफुटीच्या जातीच्या वनस्पतींत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. त्या खाऊन गुरे मेल्याची उदाहरणे ऑस्ट्रेलियात पुष्कळ आहेत. आपल्या मुठीएवढ्या सशाची काय कथा!

त्याहून मोठा धोका आपल्या औषधांच्या डब्यात आहे. 'जंतू झाले असतील' म्हणून माणसाची उरलेली गोळी कुस्करून पाण्यातून देण्याची पद्धत आहे. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधे सशाला तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात, आणि ससा काही दिवसांत दगावू शकतो. माणसाला जीवदान देणारी गोळी सशाचा काळ ठरते. वेदनाशामक गोळीही मनाने देऊ नये. आणि शस्त्रक्रियेपूर्वी माणसाला उपाशी ठेवतात तसे सशाला ठेवू नये. त्याला ओकारी येतच नाही, म्हणून त्या उपासाची गरज नसते आणि अपाय मात्र असतो.

पशुवैद्य काय करतात? चित्र काढून गाळ आहे की खडा हे पाहतात. गाळ असेल तर सलाइन देऊन लघवी पातळ करतात, वेदना थांबवतात, गुंगी देऊन मूत्राशय नळीने धुतात. घरी आपण होऊन पोट दाबून गाळ काढण्याचा प्रयत्न करू नये. नळी बंद असेल तर मूत्राशय फुटते. खडा मोठा असेल तर शस्त्रक्रिया. आमच्या मराठवाड्यात परभणीला आणि लातूर जिल्ह्यात उदगीरला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत; ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. मुंबईत परळला तर 1886 पासून असे महाविद्यालय आहे. गावातल्या वैद्यांचा हात प्रामुख्याने गाई-म्हशी-शेळ्यांवर बसलेला असतो. त्यांना संकोच न करता विचारावे, 'सशाचे काम आपण केले आहे का? नसल्यास कोणाकडे जाऊ?' चांगला वैद्य या प्रश्नाने रागावत नाही.

तीन स्वस्त औषधे

आता मुद्द्याचे. पाणी, गवत आणि पळापळ ही ती तीन औषधे.

पाणी: सशाला किलो वजनामागे रोज साधारण 50 ते 150 मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे दोन किलोचा ससा उन्हाळ्यात पाव लिटराहून अधिक पितो. बाटलीच्या नळीतून थेंब थेंब ओढण्यापेक्षा उघड्या वाटीतून तो अधिक सुखाने पितो. म्हणून जड, न कलंडणारे मातीचे किंवा चिनी मातीचे भांडे ठेवावे आणि पाणी दिवसातून दोनदा बदलावे. पालेभाजी धुऊन ओलीच द्यावी. तेवढेच पाणी पोटात जाते. ससा घाम गाळून अंग थंड करू शकत नाही. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास होऊ लागतो, आणि आमच्याकडे तो चाळीस ओलांडतो. पिंजरा पत्र्याखाली कधी ठेवू नये. खाली ओली फरशी, समोर वाळ्याचा पडदा, शेजारी गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी.

गवत: सशाच्या आहाराचा मोठा भाग, शेकडा ऐंशी तरी, गवत असावे. हरळी, मारवेल, पवन्या यांसारखे ओले किंवा वाळलेले साधे गवत त्याला उत्तम. लसूणघास, बरसीम, हादगा, शेवरी ही शेंगावर्गीय वैरण दुभत्या म्हशीला हितकर, कारण तिला दुधासाठी कॅल्शियम हवा. प्रौढ सशाला ती रोजची वैरण म्हणजे रोजचा चुना. वाढत्या पिल्लांना मात्र थोडी चालते. शेवग्याचा पाला, कढीपत्ता, माठ, मेथी यांतही कॅल्शियम पुष्कळ. या भाज्या चवीपुरत्या, आलटून पालटून द्याव्यात. विकतचे दाणे किलो वजनामागे 20-25 ग्रॅमपेक्षा अधिक नकोत. कॅल्शियमची किंवा 'ड' जीवनसत्त्वाची औषधे विचारल्याशिवाय अजिबात नकोत. मात्र कॅल्शियम पार बंद करण्याचाही अतिरेक नको. सशाचे दात जन्मभर वाढत असतात. दातांना आणि हाडांना तो लागतोच. रस्त्याकडेचे, तणनाशक मारलेले गवत आणू नये.

पळापळ: ससा हा काही शोभेचा फुलदाणीतला गुच्छ नव्हे. रोज तीन-चार तास तरी त्याला खोलीत किंवा बंदिस्त अंगणात मोकळे सोडावे. गाळ ढवळला जातो, वजन आटोक्यात राहते, आणि तो एका कोपऱ्यात नेमाने लघवी करायला शिकतो. त्या कोपऱ्यात कागद आणि गवत पसरलेले ताट ठेवावे; तेच त्याचे शौचालय. रोज ते बदलताना क्षणभर पाहावे: रंग कसा, गाळ किती, डाग किती मोठे? हीच घरगुती तपासणी. तिला पैसा लागत नाही, फक्त पाहणारा डोळा लागतो.

एक जुने ऋण

आता कोणी विचारील, एका सशासाठी एवढा उपद्व्याप कशाला? त्याचे उत्तर इतिहासात आहे. सन 1885 मध्ये पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस दिली, ती सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून तयार केलेली. पुढे 1931 मध्ये अमेरिकेत फ्रीडमन या शास्त्रज्ञाने स्त्री गरोदर आहे की नाही हे ठरवण्याची परीक्षा काढली. स्त्रीची लघवी सशिणीला टोचावयाची, दोन दिवसांनी त्या सशिणीला मारून तिची अंडकोषे पाहावयाची. उत्तर 'होय' असो की 'नाही', सशीण मरायचीच. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी पट्टीचे काम करण्यासाठी कितीतरी वर्षे सशांनी प्राण दिले. किती घरांत पेढे वाटले गेले असतील. त्या पेढ्यांच्या मागे सशाचा जीव होता हे कोणाला आठवले असेल?

माणसाच्या लघवीपायी ज्याने एवढे सोसले, त्याच्या लघवीकडे दिवसातून एकदा पाहण्याइतके देणे आपण लागतोच.

आणि सध्या तर दिवाळी आहे. आजच्यापुरते तीन नियम पाळा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पिंजरा आतल्या खोलीत न्या, दार-खिडक्या लावून घ्या, वर जाड चादर अर्धी टाका. फटाक्यांच्या धास्तीने ससा खाणे-पिणे टाकतो आणि गाळाला निमित्त मिळते. पाहुण्यांच्या मुलांना त्याला चिवडा-शंकरपाळे भरवू देऊ नका. आणि भाऊबिजेला गावी जाणार असाल, तर ससा, त्याची पाण्याची वाटी आणि गवताची गठडी एखाद्या विश्वासू शेजाऱ्याच्या हाती द्या. जाता जाता त्यांना एवढेच सांगा: रोज पाणी बदला आणि कागद बदलताना एकदा नीट पाहा.